पापणीला लावलेलं अंडं

मॅडम अंडं आधी डोळ्याला लावायच्या. टोपलीतून एक अंडं काढायचं, त्याच्यावरचा धानाचा कोंडा फुंकून टाकायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मिटलेल्या उजव्या पापणीवर ते अलगद टेकवायचं. त्या क्षणी त्यांच्याशी कुणी बोललेलं चालत नसे. मग ते अंडं एक तर उबवणीच्या पेटीत जाई, नाही तर बाजूच्या तसराळ्यात. तसराळ्यातलं अंडं म्हणजे नापास.

मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलो तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं. विज्ञानाचं कॉलेज, समोर काचेची भांडी, पेटीच्या झाकणातच बसवलेला थर्मामीटर, आणि या बाई अंडं डोळ्याला लावताहेत. मी भीत भीत विचारलं, "मॅडम, थर्मामीटर आहे ना?"

"तो हवेचा ताप सांगते गा," त्या म्हणाल्या. "अंड्याच्या पोटातलं त्याले काय मालूम?"

वर्गात त्या इंग्रजीत शिकवत, स्टाफरूममध्ये छापील मराठी बोलत आणि अंड्यांपाशी आल्या की त्यांची घरची बोली सुटे. मला ती बोली परकी नव्हती. मी नागपूरच्या महाल भागातला. पण आमच्या घरात तसं बोललं की आई डोळे वटारायची. मॅडमना डोळे वटारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

मुलं त्यांना 'अंडेवाल्या मॅडम' म्हणत. आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी अजून वर्षातून एकदा जमतात आणि कुणीतरी तो जुना विनोद सांगतोच. अंडेवाल्या मॅडमची अंडी पारशिवनीहून येता येता इतकं ऊन खायची की पिल्लं बसमध्येच बाहेर पडायची आणि कंडक्टर त्यांचं अर्धं तिकीट फाडायचा. सगळे हसतात. ज्यांनी मॅडमना कधी पाहिलंही नाही तेही हसतात. हा विनोद ज्या वाक्यातून जन्मला ते वाक्य माझं आहे. ते खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. आता माझं वय झालं आहे आणि ते वाक्य मी बोललो त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी मीच तेवढा उरलो आहे. म्हणून मला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवतो. जे ठाऊक नाही तेही लिहितो, कारण तेच जास्त आहे.

मॅडमचं घर नागपुरातच, इंदोऱ्याला होतं. वडील कापडगिरणीत. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा त्या शाळेत शेवटच्या वर्गात होत्या. त्या दिवसाबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही अंडी पुसता पुसता. "आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, आणि दिवसभर म्हणत होती, मळलं तं नाही ना, मळलं तं नाही ना." एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही. काय विचारायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

त्यांची मावशी पारशिवनीजवळच्या एका खेड्यात राहायची. तिच्याकडे गावठी कोंबड्या आणि एक लाल कोंबडा होता. बाजारातली अंडी मॅडमना चालत नसत. ती शिळी असतात आणि पोल्ट्रीच्या अंड्यात जीव नसतो. त्यामुळे हिवाळ्यात दर काही दिवसांनी मी पारशिवनीची बस धरायचो. मावशी टोपलीत कोंडा भरून त्यात अंडी रोवून द्यायची. "भाचीले सांगजो, लाल कोंबडा म्हातारा झाला," म्हणायची. मी ते दर वेळी सांगायचो आणि मॅडम दर वेळी म्हणायच्या, "तो माझ्या लहानपणापासून म्हातारा आहे."

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो. कोंबडीच्या गर्भात सुरुवातीलाच पाठीच्या बाजूला एक नळी तयार होते. पुढे तिचाच मेंदू होतो आणि मज्जारज्जू होतो. या नळीच्या भिंतीतल्या पेशी उंच, सडपातळ, एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि नळीच्या आतल्या कडेला त्यांनी एकमेकींना घट्ट धरलेलं असतं. पेशीची विभागायची वेळ आली की ती त्या आतल्या कडेशी येते, गोल होते, एकीच्या दोन होतात. पुन्हा लांब होऊन रांगेत उभ्या राहतात. काही पेशी मात्र ही पकड सोडतात, बाहेरच्या बाजूला निघून जातात आणि मज्जापेशी होतात. त्या पुन्हा कधीही विभागत नाहीत.

मला हे पुस्तकातून कळत नव्हतं. मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं, किंवा कळलंसं वाटलं.

"आमच्या मोहल्ल्यातला नळ पाह्यला का तू?" त्या म्हणाल्या. "बाया रांगेत उभ्या राहतात. जिची पाळी आली ते नळाशी येते, घागर भरते, मागं सरते. रांगेत आहे तोवर पुन्हा पाळी येते. जिनं रांग सोडली ते घरी गेली. तिले पुन्हा नळ नाही."

"म्हणजे पकड सोडली की विभागणं बंद."

"असं पुस्तक म्हणते. पण मले हे सांग, घागर भरली म्हणून तिनं रांग सोडली, का कोणी रांगेतून ढकलली म्हणून घागर रिकामी राहिली? बाहेरून पाहणाऱ्याले दोन्ही सारखंच दिसते. बाई घरी चालली."

हा त्यांचा प्रश्न होता. पेशी विभागायची थांबते म्हणून शेजारणीचा हात सोडते, की हात सुटतो म्हणून विभागायची थांबते? त्यांचा प्रबंध त्याच्यावरच होता. उत्तर शोधायचा त्यांचा मार्ग म्हणजे रांग मुद्दाम मोडून बघायची. पेशींची पकड कॅल्शियमवर टिकते, एवढं तेव्हाही माहीत होतं. मॅडम अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडायच्या, कॅल्शियम ओढून घेणाऱ्या द्रावणाचा थेंब गर्भावर सोडायच्या आणि खिडकी मेणानं बंद करायच्या. काही तासांनी गर्भ काढायचा, त्याचे पातळ काप करायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली विभागणाऱ्या पेशी मोजायच्या. मोजणी माझ्याकडे होती. कोणत्या काचेवर थेंब दिलेला गर्भ आहे आणि कोणत्या काचेवर साधा, ते मला कळू नये म्हणून मॅडम काचेच्या टोकावर कागद डकवून ठेवत. "तुझ्या मनात आलं की तुझ्या डोळ्यात येईल," म्हणत.

मोजणी संपली, कागद काढले आणि माझं डोकं फिरलं. काही गर्भांत थेंबानंतर विभागणाऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. काहींत उलट वाढल्या होत्या, आणि त्याही आतली कड सोडून भिंतीत कुठेही विभागत होत्या. एकच थेंब, एकाच मावशीची अंडी. मी पुन्हा मोजलं. तेच. मला वाटलं, माझे डोळे बिघडले.

मॅडम मात्र काचा एकामागून एक पाहत बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी गोड खाल्ल्यासारखं समाधान होतं.

"मॅडम, याचा अर्थ काय लावायचा?"

"तू मोज. अर्थ नको लावू अजून."

मला हे जमत नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. उत्तर हवं, एका बाजूचं हवं. मॅडम दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवून आठवडेच्या आठवडे आनंदात राहू शकायच्या. त्या दिवसांत मला त्यांचा रागही येई, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचा एक नियम होता. होळीनंतर अंडी आणायची नाहीत. नागपूरचं ऊन एकदा तापलं की अंड्याला कोंबडीची गरज उरत नाही. खोलीत ठेवलेलं अंडंसुद्धा आपोआप उबायला लागतं. मग ते पेटीत कधी ठेवलं याला अर्थ राहत नाही, कारण आतला गर्भ केव्हा वाढायला लागला ते कुणालाच सांगता येत नाही. "होळी झाली की अंडं खायाचं," मॅडम म्हणत. उन्हाळाभर त्या फक्त काप रंगवत आणि लिहीत.

त्या वर्षी विभागाची बैठक चैत्रात ठरली. मॅडमचा प्रबंध विद्यापीठाकडे पाठवायचा की नाही, हे तिथे ठरणार होतं. विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणत असू. त्यांच्या होकाराशिवाय कागद पुढे हलत नसे आणि ते निवृत्त व्हायच्या आधी हे झालं नाही तर पुढचं कुणी सांगावं, अशी स्थिती होती. मला वाटलं, आणखी थोडे गर्भ मोजले तर आकडे एका बाजूला झुकतील. मॅडमना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "होळी झाली गा." मी त्यांना न सांगता रविवारी पारशिवनीला गेलो.

परतताना बस खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाला, "टोपली उप्पर डालो." मी टपावर ठेवली. कन्हानजवळ टायर फुटलं. सगळे उतरून कडुनिंबाखाली उभे राहिलो. कुणीतरी कलिंगड कापलं, मीही एक फोड खाल्ली. टोपली टपावरच होती. ती खाली घ्यावी हे मला सुचलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. पण टपावर चढायचा कंटाळा आला होता.

कॉलेजात मॅडम त्या रविवारीही काप रंगवत बसल्या होत्या. त्यांनी एक अंडं डोळ्याला लावलं. मग दुसरं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कोंबडीपाशून आणले का तव्यावरून?"

मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मांगच्या आवारात खड्डा करून पुरून टाक. वास येईल." मी पुरली. त्या टोपलीतल्या एकाही अंड्याचा एकही काप झाला नाही. प्रबंधात त्यातलं काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण ती अंडी मी माझ्या हातांनी मातीत घातली.

बैठकीत मॅडम छापील मराठीत बोलल्या. दोन्ही प्रकारचे निकाल त्यांनी समोर ठेवले, काही लपवलं नाही. मोठे सर ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, एकाच औषधानं ताप चढतोही आणि उतरतोही, असं म्हणायचंय का?"

मॅडमनी नळाची गोष्ट सांगितली. "सर, रांग मोडली तर काय होतं? कधी सगळ्या जणी कंटाळून घरी जातात. कधी सगळ्या एकदमच नळावर तुटून पडतात. रांग कधी मोडली आणि कुठे मोडली, त्यावर ते असेल. मला अजून नक्की माहीत नाही."

"यांच्याकडचा नळ दिसतोय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "आमच्याकडे रांग नसते." थोडं हसू झालं.

मोठ्या सरांनी हात वर करून ते थांबवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी विचारलं, "अंडी कुठून येतात?"

"पारशिवनीकडून. माझ्या मावशीकडून."

"एवढ्या लांबून येताना तापत नाहीत?"

"हिवाळ्यातच आणतो, सर. आणि प्रत्येक अंडं मी तपासून घेते."

"कसं तपासता?"

मॅडमचा हात नकळत चष्म्याकडे गेला. मग म्हणाल्या, "डोळ्याला लावून."

या वेळचं हसू मोठ्या सरांनी थांबवलं नाही, कारण तेही हसत होते. हसता हसताच ते माझ्याकडे वळले. "पाठक, आणायला तुम्ही जाता ना? कधी उन्हात राहिली होती का हो?"

"हो सर," मी म्हणालो. "राहिली होती."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ती टोपली मॅडमनी पुरायला लावली, ती यात नाही. पण मोठ्या सरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "झालं तर मग. कोडं सुटलं." त्याबरोबर मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला हायसं वाटलं. कितीतरी महिने ते दोन बाजूंचे आकडे माझ्या डोक्यात भांडत होते, आणि आता एकदम सगळं सोपं झालं होतं. अंडी तापली होती. गर्भ लहानमोठे होते. म्हणून आकडे वेडेवाकडे. मी त्या क्षणी ते खरंच मानलं. माझं पुढचं वाक्य राहून गेलं, ते भीतीनं की त्या सुटकेनं, मला अजून सांगता येत नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या सहज म्हणू शकल्या असत्या, ती टोपली पुरली. त्यांनी तसं न म्हणता कागद गोळा केले आणि बाहेर गेल्या.

प्रबंध गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात अंडी आली नाहीत. उबवणीच्या पेटीत दुसऱ्या कुणाचे तरी जिवाणू वाढू लागले. काही काळानं मी व्याख्याता झालो आणि मला बसायला तीच खोली मिळाली. मॅडम शिकवत राहिल्या. भेटल्या की "काय पाठक, बरं आहे?" विचारत. त्या विचारण्यात कधी खडा लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशीचं एक मला पुन्हा पुन्हा आठवतं. माझं वाक्य सगळ्यांना इतक्या चटकन का पटलं? तेच काम महालातल्या एखाद्या बाईंचं असतं तर मोठ्या सरांनी फाइल मिटण्याआधी दुसरा प्रश्न विचारला असता का? किती वेळा राहिली होती, असं तरी? की मीच वाक्य अशा आवाजात म्हटलं, की विचारायची गरज वाटू नये? मी अनेकदा दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. कुठेही पोचत नाही.

अलीकडे माझी नात जीवशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकात लिहिलेलं तिनं मला वाचून दाखवलं. वाढत्या मज्जासंस्थेत पेशींची पकड ढिली केली तर कधी त्यांचं विभागणं थांबतं आणि कधी बेसुमार वाढतं. कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कशा तऱ्हेनं पकड सुटली यावर ते असतं. मी तिला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. ती म्हणाली, "आजोबा, रडताय काहून?" मी म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलं. म्हणजे मॅडमनी पाहिलं ते खरं होतं, असं मी म्हणू का? मला तसं म्हणायची फार इच्छा आहे. पण तसं म्हणता येत नाही, आणि त्याला कारण आमची शेवटची भेट आहे.

मावशीनं अंथरूण धरलं तेव्हा मॅडमनी नोकरी सोडून पारशिवनीला जायचं ठरवलं. हे ऐकलं आणि मी इंदोऱ्याला गेलो. सांगायचं ते वाटेत घोकत गेलो होतो. बैठकीला बरीच वर्षं झाली होती. त्यांचं सामान बांधून झालं होतं, फक्त स्टोव्ह आणि तवा बाहेर होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन अंडी फोडली.

"बस. होळी झाली, आता खायालेच आहे."

मी खाल्लं. मग म्हणालो, "मॅडम, त्या दिवशी बैठकीत मी पूर्ण सांगितलं नाही."

"मालूम आहे मले."

"पण तुम्ही का बोलला नाहीत? टोपली पुरली एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं."

त्या तव्याकडे पाहत होत्या. "बोलणार होती. उठली बी होती मनातल्या मनात. मंग वाटलं, हे टोपली तं पुरली. पण मांगच्या टोपल्या? मावशीचं घर पश्चिमेचं. हिवाळ्यात बी दुपारचं ऊन ओसरीत येते. तू घ्यायले जाईपर्यंत टोपली ओसरीतच राहे. दुपारी तापली असंल आन् संध्याकाळी थंडी झाली असंल, तं मले सकाळी काय समजणार? डोळा आत्ताचं सांगते गा, कालचं नाही सांगत."

"म्हणजे मोठे सर बरोबर होते?"

"ते बी मालूम नाही."

"मग मावशीला विचारलं का नाहीत?"

"विचारलं ना. ते म्हणते, ठेवत होती उन्हात, थंडीत अंडे गारठू नये म्हणून. मंग म्हणते, नाही, ते आधीच्या वर्षी. मंग म्हणते, लाल कोंबड्याले विचार." मॅडम हसल्या. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, "पण पुन्हा करून बघता आलं असतं. दुसरी अंडी आणून."

"आलं असतं," त्या म्हणाल्या. "खोली असती तं."

त्या खोलीची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती.

निघताना त्यांनी उरलेली अंडी डब्यात कोंडा घालून माझ्या हातात दिली. बांधण्याआधी एकेक डोळ्याला लावून पाहिलं. सवयच ती. "सूनबाईले दे," म्हणाल्या; माझ्या बायकोला त्या सूनबाई म्हणत. आणि मी पायऱ्या उतरलो तेव्हा मागून हाक आली, "पाठक, उन्हात नको ठेवजो गा."

त्या मला टोमणा मारत होत्या, की माफ करत होत्या, की नुसतं अंड्यांचं सांगत होत्या, मला कळलं नाही. चेहरा बघावा म्हणून मागे वळलो तर दार अर्धं लोटलेलं होतं. त्यानंतर त्यांना मी पाहिलं नाही. त्या पारशिवनीलाच वारल्या, असं पुढे कधीतरी ऐकलं.

त्या दिवशी मी सायकलरिक्षा केला. टप वर ओढायला लावला. डबा मांडीवर घेतला, त्याच्यावर दुपट्टा टाकला आणि ऊन ज्या बाजूनं येईल त्या बाजूला हात आडवा धरून बसलो. रिक्षावाला वळून म्हणाला, "काय साहेब, बाळ आहे का?" मी नाही म्हणालो. महाल जवळ आला तेव्हा राहवलं नाही. डबा उघडला, एक अंडं काढलं, कोंडा फुंकला आणि डोळे मिटून पापणीला लावलं. बराच वेळ लावून धरलं. अंडं तापलं होतं की माझी पापणीच, ते मला समजेना.